शिक्का न मारलेलं तिकीट

युरोपात स्वस्तात कसं फिरावं, हे आजकाल गडचिरोलीत मला कोणीही विचारतं. बुद्धविहारातल्या बाया विचारतात, डेपोतले जुने सोबती विचारतात, बाजारात सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी हातात धरून ओळखीची मास्तरीण विचारते. मी सगळं सांगते, हातचं राखत नाही. पण सांगता सांगता माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, ही आपल्यावरच चिडली. कधी कधी ते खरंही असतं.

मी सरकारी बसची कंडक्टर होते. नोकरीला लागले तेव्हा गळ्यात चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच, एवढा संसार घेऊन गाडीत चढायचं. निवृत्त झाले तेव्हा हातात तिकीट छापणारं मशीन होतं. धानोरा, चामोर्शी, चिमूर, बदलीवर होते तेव्हा जिवतीचा डोंगर, सगळं उभ्याने केलं. मुलगी एकच. तिने इथेच नर्सिंग केलं आणि चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेली. त्यानंतर एकदाही घरी आली नाही. सुट्टी नाही, तिकीट महाग आहे, पुढच्या वर्षी बघू. निवृत्तीचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात मी ठरवलं, ती येत नाही तर मी जाते. मला कोणता मनोरा पाहायचा नव्हता. माझी पोरगी कुठे झोपते, काय खाते, कोणत्या दारातून कामाला जाते, एवढं मला पाहायचं होतं.

आधी मी सगळे जातात तिथेच गेले, चंद्रपूरला, एका सहल कंपनीच्या ऑफिसात. काचेच्या टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मला चकचकीत पुस्तक दाखवलं. दहा दिवसांत सात देश, संध्याकाळी वरणभात, सोबत मराठी बोलणारा माणूस. मी म्हटलं, मला एकाच गावाला जायचं आहे आणि एकटीला. ते हसले. "ताई, तुम्ही गडचिरोलीच्या. तिकडे एकट्याने जमत नाही हो. भाषा वेगळी, गाड्या वेगळ्या, हरवाल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या रस्त्यावर पावसाळ्यात पूल दिसत नाही त्या रस्त्यावर मी पन्नास माणसं, दहा कोंबड्या आणि एक बाळंतीण घेऊन गेले आहे. त्यातलं एकही हरवलं नाही. हा माणूस मला सांगतो, मी हरवेन. पुस्तक तिथेच ठेवून मी उठले. माझा पहिला सल्ला तिथूनच सुरू होतो. सात देश खिडकीच्या काचेतून पाहायला जाऊ नका. एक गाव धरा आणि तिथे दहा दिवस राहा. पैसेही कमी लागतात आणि पायही कमी सुजतात.

काही लोक मला दुसरंच विचारतात. त्यांना 'खरा युरोप' पाहायचा असतो. हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. माझ्या गाडीत शहरातली अशी पोरं-पोरी चढायची, पाठीवर मोठ्या पिशव्या, आणि मला विचारायची, "मॅडम, खरे आदिवासी कुठल्या स्टॉपवर बघायला मिळतील?" शेजारच्याच सीटवर टोपली घेऊन एक बाई बसलेली असायची, गोंडीत नातवाला दटावत. तिला ते सरकायला सांगायचे, खिडकीतून फोटो नीट यावा म्हणून. एकदा मी बेल मारली, गाडी थांबवली आणि त्या दोघांना म्हटलं, हाच स्टॉप. उतरले बिचारे. पुढची गाडी दोन तासांनी होती. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. पण आपण दुसऱ्याच्या देशात जातो तेव्हा त्या पोरांसारखे होऊ नये, एवढं मी तेव्हा मनाशी धरलं होतं.

मुलीला फोन केला. मला वाटलं होतं ती उड्या मारेल. पण ती म्हणाली, "आई, तू सहलवाल्यांसोबतच ये ना. मी एक संध्याकाळ हॉटेलात येऊन भेटतो तुले."

"हॉटेलात? तुयं घर नाई का तिथी?"

"घर लहान आहे. तुले करमणार नाई."

"मी का नाचायला येऊन राह्यली तुया घरात?"

पंधरा दिवस हेच चाललं. ती कारणं द्यायची, मी ती मोडून काढायची. शेवटी तिने निमंत्रणाचा कागद पाठवला, पण अट घातली. विमानतळावर बसून राहायचं, कुठे हलायचं नाही. ती सहा वाजता ड्यूटी संपवून येईल आणि मला एका भाड्याच्या खोलीवर घेऊन जाईल. तिच्या घराचं नाव नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी विहारातल्या बायांना सांगण्यात गुंग होते की माझी पोरगी मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिने पाठवलेला फोटो दाखवत होते. मागे मोठी पांढरी इमारत, पुढे ती. त्या फोटोवर मी चार वर्षं काढली होती.

व्हिसाचं काम कोणाला हजारो रुपये देऊन करून घेऊ नका. मी स्वतः नागपूरला जाऊन केलं. निमंत्रणाचा कागद, पेन्शनचे कागद, बँकेचा हिशेब, प्रवासाचा विमा, परतीचं तिकीट. एक कागद कमी निघाला म्हणून एका पोरीने मला परत पाठवलं, मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पुन्हा तिच्यासमोर. एप्रिलमध्ये जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडचे लोकच फिरायला निघतात आणि सगळं महाग होतं. विमान एकदा बदलावं लागलं तरी चालेल, थेट जाण्याचा माज आपल्या खिशाला परवडत नाही. सोबत खाणं न्या, पण दुधाचं आणि मटणाचं नको, ते काढून घेतात. मी लाखोळीची डाळ नेली, जवसाची चटणी नेली, मोहफुलाचे लाडू नेले आणि एक पातळ स्वेटर नेला. त्या स्वेटरचा काही उपयोग झाला नाही, तिकडची एप्रिलची थंडी वेगळी आहे. जाड न्या.

सकाळी अकराला विमान उतरलं. सहापर्यंत बाकावर बसून राहायचं होतं. मी एक तास बसले. बायका-पोरं, म्हातारे, सगळे आपापल्या वाटेने जात होते आणि मी सामानाच्या गाठोड्यासारखी कोणी उचलायची वाट पाहत होते. जन्मभर लोकांना त्यांच्या गावी पोचवलं आणि आता माझ्याच गावाला मी पोचू शकत नाही, असं मला कोणी सांगितलं? निमंत्रणाच्या कागदावर तिचा पत्ता छापलेला होता. मी तो कागद हातात धरला आणि खाली स्टेशनवर गेले. खिडकीतल्या बाईला कागद दाखवला. तिने तिकीट दिलं, फलाट क्रमांक लिहून दिला, बोटाने दिशा दाखवली. लांबची झपाझप जाणारी गाडी घेऊ नका, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी घ्या. ती स्वस्त असते आणि तिच्यात त्या गावचीच माणसं बसलेली असतात. हा सल्ला मी छातीवर हात ठेवून देते.

फलाटावर खांबाला एक लहानशी पेटी होती. लोक येता जाता तिच्यात तिकीट खुपसत होते, आतून टक आवाज येत होता. मी पाहिलं. मला कळलंही की ती पेटी तिकिटावर शिक्का मारते. पण मी तिच्याजवळ गेले नाही. हे कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. आमच्या धंद्यात तिकिटाला हात लावायचा तो कंडक्टरने. सुरुवातीच्या वर्षांत एका शहाण्याने माझा पंच उचलून स्वतःच्या तिकिटाला भोक पाडलं होतं, मी त्याला भर गाडीत असं झापलं होतं की तो गडचिरोलीपर्यंत मान वर करून बसला नाही. प्रवाशाने तिकीट घ्यावं, जपून ठेवावं आणि मागितल्यावर दाखवावं. बाकी काम गाडीच्या माणसाचं. मला वाटलं, ज्यांना घाई आहे ते मारत असतील शिक्का, मी माझ्या कंडक्टरची वाट पाहीन. आणि मी खिडकीशी बसले, तिकीट मुठीत धरून, कधी येतो म्हणून दाराकडे पाहत. खरं सांगायचं तर मला त्याला भेटायचं होतं. मीही तुमच्यातलीच, असं खुणेने सांगायचं होतं. माझं जुनं ओळखपत्र मी पर्समध्ये घेऊनच गेले होते.

कंडक्टर आलाच नाही. त्या गाडीत कंडक्टरच नव्हता. आले ते साध्या कपड्यातले दोघं, एक बाई आणि एक पुरुष, गळ्यातलं कार्ड दाखवत. मी लगेच ओळखलं, तपासणी पथक. वेश कोणताही असो, ती नजर मी कुठेही ओळखेन. मी हसून तिकीट पुढे केलं. बाईने ते उलटसुलट केलं आणि मान हलवली. "नो स्टॅम्प." मी म्हटलं, मारा ना मग, तुमचंच तर काम आहे. हे मी मराठीत म्हटलं. तिने शांतपणे मशीन काढलं आणि दंडाचा आकडा दाखवला.

विनातिकीट. मी. आमच्या गाडीत एक प्रवासी विनातिकीट सापडला तर त्याच्याआधी कंडक्टरच्या नोकरीवर येतं. त्या भीतीने मी गच्च गाडीत माणसांच्या काखेतून वाकून तिकिटं फाडली आहेत. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकही केस नाही. आणि साता समुद्रापलीकडे एका बाईने मला फुकट्यांच्या रांगेत उभं केलं. मी ओळखपत्र काढून तिच्या नाकासमोर धरलं. तिने ते वाचण्याचा प्रयत्न केला, वाचता आलं नाही, परत दिलं. नियमाने ती बरोबर होती, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त येत होता. तिने पासपोर्ट मागितला. परदेशात पासपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा नाही, असं गडचिरोलीत पाच जणांनी मला बजावून सांगितलं होतं. मी पर्स छातीशी धरली आणि म्हटलं, "नाई देत. दंडही नाई देत. तिकीट हाय माह्याकडे."

पुढचं स्टेशन आलं तिथे त्यांनी मला उतरवलं. नशीब असं की तेच माझ्या मुलीचं गाव होतं. एका लहान खोलीत बसवलं, पाणी दिलं. वाईट वागले नाहीत, उगाच खोटं सांगणार नाही. निमंत्रणाच्या कागदावर मुलीचा नंबर होता, त्यावर त्या बाईने फोन लावला. मला वाटलं, आता येईल माझी नर्स, पांढऱ्या कपड्यात, फाडफाड बोलेल आणि यांना गप्प करेल.

वीस मिनिटांत ती आली. सायकलवर आली होती, धापा टाकत होती. अंगात निळा ढगळा कोट, त्यावर प्लास्टिकचा ॲप्रन, तो काढायचाही राहिला होता. कोपरापर्यंत हात धुऊन धुऊन लाल. तिच्या अंगाला फिनेल आणि लघवीचा वास येत होता. तो वास मला माहीत आहे. माझी सासू शेवटी दोन वर्षं अंथरुणावर होती.

ती आधी त्यांच्याशी बोलली, माझ्या पर्समधून पासपोर्ट काढून त्यांना दाखवला, कार्डाने दंड भरला. मग माझ्याकडे वळली.

"तू थांबली काऊन नाई? सांगितलं होतं ना तुले, सहा वाजता येतो म्हणून."

"हे काय घातलं तुनं?"

"ड्यूटीचे कपडे आहेत."

"नर्सचे असे रायतात?"

तिने खाली पाहिलं. "मी नर्स नाई आई अजून. भाषेची परीक्षा दोनदा नापास झाली. ते पास होतपर्यंत मदतनीस म्हणून ठेवते. वृद्धाश्रमात आहो मी. धुणं-पुसणं करतो त्यांचं."

"आन् तो दवाखाना?"

"समोरच्या रस्त्यावर आहे. मी फोटो काढला त्याच्यापुढे."

मी तिला तिथेच ओरडले. त्या खोलीत, त्या दोन तपासनीसांसमोर, मराठीत. चार वर्षं मला खोटं सांगितलं. चार वर्षं मी गावभर सांगत फिरले. ती ऐकत राहिली आणि मग तीही ओरडली. माझीच पोरगी, आवाज माझ्यापेक्षा चढा. "तुले खरं सांगितलं असतं तं तू काय केलं असतं? त्याच दिवशी सगळ्या विहारात तोंड लपवलं असतं तुनं. तुले नर्स पाहिजे होती, म्हणून दिली तुले."

हे मला लागलं. कारण हेच खोटं माझ्याविषयी बोललं गेलं होतं. मी कंडक्टर झाले तेव्हा सासू नातेवाइकांना सांगायची, सून डेपोच्या ऑफिसात आहे. बाईमाणसाने परक्या पुरुषांच्या हातातून सुटे पैसे घ्यावेत, याची तिला लाज वाटायची. मी त्या एका शब्दावरून सहा महिने तिच्याशी भांडले. एकदा तिचा भाऊ माझ्या गाडीत चढला आणि तोंड फिरवून बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं, मामाजी, तिकीट घ्या. त्या दिवसापासून ऑफिस संपलं. आणि आता माझ्या पोरीला माझ्या भीतीने ऑफिस काढावं लागलं होतं. मी कुठल्या तोंडाने ओरडत होते? तरी ओरडलेच. राग लगेच उतरत नाही माझा.

भाड्याच्या खोलीवर मी गेले नाही. तिच्या घरी गेले. एक खोली, दोन पलंग, दुसरा एका केरळच्या मुलीचा. ती दहा दिवस मैत्रिणीकडे राहायला गेली, जाताना माझ्या पाया पडली. खिडकीत अंगठ्याएवढी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे सुकलेली दोन फुलं. स्वयंपाकघर चार जणींत एक. मी लाखोळीचं वरण केलं, चौघींनी भांडं पुसून खाल्लं.

आता लोकांना हवा असलेला खरा युरोप सांगते. नळाचं पाणी चांगलं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. बेकरीत संध्याकाळी पाव अर्ध्या किमतीत मिळतो. शनिवारी चौकात बाजार भरतो, आपल्यासारखाच, दुपारी उठायच्या वेळी भाव पडतात. चर्च बघायला पैसे लागत नाहीत आणि आत बसायला बाक असतात. आणि सकाळी साडेपाचला माझी मुलगी सायकल काढते. एक दिवस मी तिच्या मागे मागे चालत गेले. ती ज्या दारातून आत जाते ते मागचं दार आहे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. त्या वृद्धाश्रमाची मोठी बाई चांगली होती, तिने मला खालच्या दिवाणखान्यात बसू दिलं. मी पाहिलं, माझ्या पोरीने एका नव्वदीच्या म्हाताऱ्याला उचलून खुर्चीत बसवलं, त्याचं तोंड पुसलं, त्याची शिवी ऐकून घेतली आणि पुढच्याकडे गेली. त्या म्हाताऱ्यांच्या पोरांचा मला राग आला. माझ्या पोरीकडून एवढं काम घेऊन तिला अजून नर्स न म्हणणाऱ्या कागदाचा राग आला. तिने हे चार वर्षं एकटीने केलं, आणि मी फोनवर तिला विचारत होते की दवाखान्यात लिफ्ट आहे का. त्याचा सगळ्यात जास्त आला.

मी तिथेच तिचा फोटो काढला. निळा कोट, प्लास्टिकचा ॲप्रन, हातात ओला टॉवेल. "डिलीट कर," ती म्हणाली. मी ऐकलं नाही.

परतीच्या दिवशी ती फलाटापर्यंत आली. पेटीत तिकीट घालायला तिने हात पुढे केला. मी तिला बाजूला सारलं आणि स्वतः घातलं. टक झालं. तिला हसू आलं. मला आलं नाही.

गडचिरोलीत आल्यावर पहिल्याच रविवारी विहारात विचारणा झाली, "पोरगी कशी आहे बाई? दवाखाना मोठा असन ना?" मी सांगितलं, ती दवाखान्यात नाही. म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते, परीक्षा पास झाली की नर्स होईल, नाही झाली तर हेच करेल. एकीने नाक मुरडलं. मी तिला विचारलं, तुझ्या सुनेने तुझं असं केलं असतं का? मग ती फोनकडे बघायला लागली. घरी येऊन मी तो निळ्या कोटातला फोटो माझ्या फोनवर डीपी म्हणून लावला, सगळ्यांना दिसेल असा.

त्याच दिवशी मुलीचा मेसेज आला, तो फोटो काढून टाक. मी लिहिलं, नाई काढत. मग तिचा फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. माझाही राग होता, मीही फोन केला नाही. लोक युरोपचं विचारायला यायचे आणि मी त्यांना पावाचे भाव सांगत बसायचे, फोन उलटा ठेवून. खरं तर मला भीती वाटत होती. तिची लाज माझी नव्हती, ती उघडी करायचा हक्क मला कोणी दिला होता?

नवव्या दिवशी फोन वाजला. हॅलो नाही, आई नाही.

"तुया पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे?"

"नऊ वर्षं आहे अजून."

"मंग पुढच्या एप्रिलात ये. आन् या वेळी जाडा स्वेटर आण." वर म्हणाली, "विमानतळावर थांबू नको. सरळ घरी ये. किल्ली कामावरच्या मागच्या दारी ठेवतो."